शिकागोतला बांगडा

अगं ये, अशी जवळ सरक. टोकाला बसून माझ्याशी बोलू नकोस. तू तिकडे जर्सी सिटीत कुठल्या उंच मजल्यावर आणि मी इकडे नोव्हायमध्ये मुलाच्या घरी, ते मला माहीत आहे. पण लिहिताना मी तुला समोरच बसवलंय, तेव्हा आज ऐकून घ्यावंच लागेल. रागावणार आहे मी तुझ्यावर. फार नाही, थोडीशी.

परवा रविवारी फोनवर ह्यांनी, तुझ्या काकांनी, तुला त्यांची जपानची गोष्ट सांगितली आणि तू पोट धरून हसलीस. "काका, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात," म्हणालीस. फोन स्पीकरवर होता. मी पोळ्या लाटत होते आणि सगळं ऐकत होते. ती गोष्ट हल्ली ते सगळ्यांना सांगतात आणि सगळे हसतात, मग तू हसलीस त्यात तुझं काय चुकलं? पण बाळा, तू माझ्या माहेरची आहेस, माझ्या भावाची मुलगी. तुला एकदा तरी विचारावंसं वाटायला हवं होतं की आत्या, तू का नाही हसत? तू नाही विचारलंस, म्हणून मीच सांगते.

आपलं देवगडचं घर तुला ठाऊक आहे. मासळीशिवायचं जेवण आपल्याकडे सोमवारी आणि एकादशीला, तेही नाइलाजानं. त्या घरातून मी गेले चिंचवडला, माळकरी घरात. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा नाही. तुझ्या काकांनी माळ घातली नव्हती, पण शिस्त वडिलांच्या वरताण. लग्नानंतर सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "आता ते विसरायचं हं." मी विसरले. त्याचं मला तेव्हा फार वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. तरुणपणी माणूस काहीही सोडतं. नवरा चांगला, नोकरी चांगली, मासे नसले म्हणून काय मोठं बिघडलं, असं वाटायचं.

लग्नाला वर्ष झालं असेल नसेल, तर कंपनीनं ह्यांना ट्रेनिंगला जपानला पाठवलं. अख्खा एक हिवाळा. आमच्या गल्लीतून परदेशी गेलेले पहिले तेच. तिकडून कळवायचे की खाण्याचे फार हाल आहेत, भात, लोणचं आणि उकडलेला बटाटा, एवढ्यावर दिवस काढतोय. मग काय, मी मेतकूट करायला बसायची. डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, तांदूळ, गहू, थोडी सुंठ, हिंग, हळद, आणि जात्यावर दळायचं. पत्र्याच्या डब्यात भरून, डबा कापडात शिवून पोस्टात टाकायचं. दळताना मला वाटायचं, माणूस तिथे बर्फात उपाशी बसलाय आणि माझ्या हातचं मेतकूट येईल म्हणून वाट बघतोय.

परत आले ते गाल भरून आले. सासूबाई म्हणाल्या, बर्फाची हवा मानवली.

जपानच्या गोष्टी मात्र रंगवून सांगायचे. तिकडे म्हणे आगगाडीनं फिरायला निघालं की प्रत्येक मोठ्या स्टेशनवर जेवणाचा लाकडी डबा मिळतो, आणि जो तो प्रांत आपली खासियत त्यात भरतो. एका गावचा डबा दुसऱ्या गावी मिळायचा नाही. लोक त्या डब्यासाठी प्रवास करतात. सुट्टी मिळाली की हे निघायचे, आज इथला डबा, उद्या तिथला. सासऱ्यांनी विचारलं, "मग त्यात असायचं काय?" हे म्हणाले, "आपल्यासारख्याला काय, भात, लोणचं, बटाटा." आता बघ, गावागणिक डबा वेगळा आणि ह्यांच्या प्रत्येक डब्यात बटाटा. एवढीशी गोष्ट, पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. उलट सासूबाई शेजारणींना सांगायच्या, परदेशात राहून आला पण पोरानं बाट लावून घेतली नाही.

ते परत आले आणि वर्षाच्या आत मला दिवस गेले. तुझ्या चुलतभावाच्या वेळचं सांगते— चुलत कसला, आतेभावाच्या. बघ, हे असं होतं माझं. बायकांना चिंचेचे, कैरीचे डोहाळे लागतात. मला लागले बांगड्याचे. सांगायची चोरी. झोपेतून उठलं की नाकात आईच्या चुलीवरचा वास. तुझे बाबा मला बघायला आले होते, त्यांना मी जिन्यात गाठून हळूच सांगितलं. म्हटलं आईला बोलू नकोस. तू तुझ्या बाबांना ओळखत होतीस, त्यांच्या पोटात काय राहणार. पुढच्याच आठवड्यात आई दारात उभी. रात्रभर एसटीत बसून आलेली, लुगडं चुरगळलेलं आणि मांडीवर धरून आणलेला डबा. तळलेले बांगडे आणि वरच्या पुडात तिरफळ घालून केलेलं सुकं.

ती काही अडाणी नव्हती. घर माळकरी आहे हे तिला माहीत होतं. ती सासूबाईंना म्हणाली, "विहीणबाई, मागल्या अंगणात बसवते पोरीला, दोन घास खाऊ दे, जागा मी शेणानं सारवून देते आणि संध्याकाळच्या गाडीनं जाते." आणि तुला खरं सांगते, सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोटुशी बाई आहे. खाऊ दे. मी तेवढा वेळ देवळात जाऊन बसते." किती मोठं मन लागतं त्याला, तूच विचार कर. सासरे घरात नव्हते.

तेवढ्यात हे बाहेर आले. ओटीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हे आपल्या घरात चालणार नाही. मला त्या वासानंसुद्धा उलटी होते." आवाज चढवला नाही, काही नाही. दार अडवून उभे मात्र राहिले.

आई ओटीवर बसून पाणी प्यायली. माझ्या तोंडावरून हात फिरवला. संध्याकाळपर्यंत थांबलीच नाही, मिळेल त्या गाडीनं गेली. त्यानंतर ती माझ्या सासरी कधी आली नाही. बाळंतपणाला मी देवगडला गेले, तिथे रोज चुलीवर मासळी शिजायची आणि माझ्या पानात वरण-भात. मीच म्हटलं होतं, नको, ह्यांना चालत नाही. आईनं एकदाही आग्रह केला नाही. ती मला वाढायची आणि दुसरीकडे बघायची. पुढे ती गेली. तू तेव्हा अगदी लहान होतीस.

आता शिकागोचं ऐक.

दोन हजार सहाचा ऑक्टोबर. आम्ही दोघं इथे मुलाकडे कायमचे येऊन दोनेक वर्षं झाली होती. नोव्हायमध्ये आपले लोक जेवढे, तेवढेच जपानी. सगळे मोटारींच्या कंपन्यांतले. मुलाच्या ऑफिसातल्या एका जपानी माणसानं त्याला सांगितलं, शिकागोच्या बाहेर आमचं मोठं दुकान आहे, तिथे प्रांताप्रांतांतले आचारी थेट जपानहून येतात आणि आपल्या गावची खासियत समोर करून देतात. मुलगा म्हणाला, "बाबांना सरप्राइज देऊ. त्यांची ती स्टेशनं एका छपराखाली." सूनबाईला ऑफिसचं काम होतं, ती नातवाला घेऊन घरी राहिली. आम्ही तिघं निघालो. मुलगा ड्राइव्ह करतोय, हे शेजारी बसून गाडीच्या इंजिनावर बोलतायत, मी मागे दशम्यांचा डबा घेऊन. ह्यांचे खाण्याचे हाल नकोत म्हणून. मी तो डबा घेतला होता हे लक्षात ठेव आणि मग हस.

दुकान कसलं, जत्राच. एकेका टेबलावर एकेका प्रांताचं नाव, डोक्याला फडकी बांधलेली माणसं आणि नमुन्याचे तुकडे टूथपिकला लावून ठेवलेले, या, चाखा. मला आधी गंमतच वाटली. डोंगराकडच्या एका प्रांताची पालेभाजी भरलेली जाड पोळी होती, कोळशावर भाजल्यासारखी. ती मी खाल्ली, छान होती. उत्तरेकडचा हिरव्या सोयाबीनचा वाटलेला गोड गोळा होता. पुरणात गूळ कमी पडल्यासारखा लागला, पण खाल्ला. मग दिसलं आप्पेपात्र. अगं खरंच, आपलं असतं तसं बिडाचं, फक्त मोठं, आणि एक पोरगी काडीनं भराभर गोळे उलटवत होती. माझा जीव हरखला. म्हटलं, हे तर आपले आप्पे. एक टोचला आणि तोंडाशी नेला, तोच ह्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब, त्यात ऑक्टोपस असतो."

"आप्प्यात?"

"आप्पे नाहीत ते. ओसाकाची खासियत आहे. आत तुकडा असतो. हा चिवट दिसतोय. ओसाका स्टेशनबाहेर एक म्हातारा गाडी लावायचा, त्याच्याकडचा कसा लोण्यासारखा."

मुलगा त्यांच्याकडे बघायला लागला. "बाबा, लोण्यासारखा हे तुम्हाला कोण बोललं?"

 हे लाजल्यासारखे हसले, माझ्या हातातली काडी घेतली आणि तो गोळा स्वतःच्या तोंडात टाकला. चावत चावत म्हणाले, "चिवटच आहे."

त्यानंतर जे सुरू झालं ते काय सांगू. बांध फुटल्यासारखा माणूस. ह्या टेबलावरून त्या टेबलावर. बांबूच्या पानांत बांधलेला गोल डबा, त्यात भातावर दाबून बसवलेला गुलाबी मासा. "हा टोयामाचा. पानं अशी एकेक उघडायची आणि केकसारखा कापायचा." गोडसर रश्शात शिजवलेलं, पोटात भात भरलेलं अख्खं माकूळ, इथले स्क्विड म्हणतात ते. "हे होक्काइडोचं, एका लहानशा स्टेशनवर मिळायचं, गाडी दोन मिनिटं थांबायची, खिडकीतून हात बाहेर काढून घ्यायचं." भाजलेली वाम भातावर पसरलेली. "ही हिरोशिमाकडची." मोडकंतोडकं जपानी बोलत होते आणि त्या टेबलामागच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मुलगा फोटो काढतोय. "बाबा, यू आर अनबिलीव्हेबल." मी मागून चालतेय. खांद्याला दशम्यांची पिशवी.

मी विचारलं, "अहो, आणि मेतकूट?"

"कुठलं मेतकूट?"

"मी पाठवायची ते. जपानला."

"अच्छा, ते. शेजारच्या खोलीत एक तमिळ मुलगा होता, त्याला द्यायचो. बिचारा शाकाहारी होता, फार हाल व्हायचे त्याचे."

मुलगा एवढा हसला की बाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. हेही हसले. मला वाटतं मीसुद्धा हसले असेन, तोंड तसं झालं असेल. त्या तमिळ मुलाचं पोट भरलं, तेवढं पुण्य मला.

शेवटच्या टेबलावर फुकुई नावाच्या प्रांताचा बांगडा होता. पाठीवर तीच निळीकाळी नक्षी. मीठ लावून, व्हिनेगरमध्ये मुरवून, भातावर दाबून वड्या पाडलेल्या. तिथल्या बाईनं एक तुकडा माझ्यासमोर धरला. मी मागे झाले. हे म्हणाले, "अगं घे की. बांगडाच आहे. तुला आवडायचा ना?"

तुला आवडायचा ना. म्हणजे माहीत होतं. एवढी वर्षं त्यांना माहीत होतं की मला आवडायचा.

मी तो तुकडा घेतला आणि खाल्ला. लग्नानंतरचा पहिला मासा, शिकागोत, कागदाच्या बशीत, उभ्यानं. आंबट, थोडा गोड, खाली गारढोण भात. मी चावत राहिले आणि वाट बघत राहिले की आता आठवेल, आता आईच्या हातचं आठवेल. काही आठवलं नाही. जिभेनं तो बांगडा ओळखलाच नाही. थुंकणं बरं दिसत नाही म्हणून गिळला. ती बाई वाकून नमस्कार करत होती, मीही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेलमध्ये नाश्त्याच्या वेळी मुलगा गाडीत सामान ठेवायला गेला होता. हे वॉफलच्या मशीनपाशी उभे होते. मी म्हटलं, "अहो, माझी आई डबा घेऊन आली होती ते आठवतं ना?"

"कधी?"

"मला दिवस होते तेव्हा. चिंचवडला."

"तुझी आई आपल्याकडे आली होती? मला तर वाटतं त्या कधी आल्याच नाहीत."

"तुम्हीच दारात उभे होतात. वासानं उलटी होते म्हणालात."

"म्हणालो असेन. घर बाबांचं, त्यांना चालत नव्हतं."

"ते घरात नव्हते. सासूबाई तर हो म्हणाल्या होत्या."

"मग आईच नंतर नाही म्हणाली असेल. अगं, किती जुनं उकरतेस. आता खा ना, तुला कोण अडवतंय?"

सासूबाईंवर ढकललं. त्या बाईनं माझ्यासाठी देवळात जाऊन बसायची तयारी केली होती आणि हा तिचाच मुलगा तिच्यावर ढकलतो. आणि खा म्हणतो. दात गेले, जीभ गेली, आई गेली, आणि परवानगी आता आली.

त्यांनी ऑक्टोपस खाल्ला, वाम खाल्ली, त्याचं मला काही नाही गं. परमुलखात तरुण मुलगा काय खाणार? घरी येऊन खोटं बोलले, तेही वडिलांच्या धाकानं, असं मी समजून घेते. पण खिडकीतून हात काढून मासे खाऊन आलेला माणूस, वर्षाच्या आत माझ्या आईसमोर दार अडवून उभा राहतो आणि वासानं उलटी होते म्हणतो. आणि वर ती आली होती हेच विसरतो. माझी आई रात्रभर मांडीवर डबा धरून आली आणि ह्यांच्या हिशेबी ती कधी आलीच नाही. हे मला गिळवत नाही.

परतीच्या वाटेवर मुलानं गाडीतूनच बायकोला फोन लावला आणि सगळी गोष्ट सांगितली. मग मंडळाच्या दिवाळीत सांगितली, पिकनिकला सांगितली. हल्ली हे स्वतःच सांगतात. शेवट ठरलेला आहे, मेतकूट आणि तमिळ मुलगा, तिथे हशा. लोक माझ्याकडे वळून म्हणतात, "काकू, तुम्ही ग्रेट आहात."

थंडी सरल्यावर मी सूनबाईला म्हटलं, मला बांगडे आणून दे. इथे सगळे मासे गॅरेजमध्ये तळतात, तुला माहीत असेल, घराला आणि मुलांच्या जॅकेटांना वास नको म्हणून. तिनंही तिथे विजेची शेगडी ठेवलीय. बिचारीनं कोरियन दुकानातून आणून दिले. गॅरेजचं दार अर्धं वर करून मी मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून तळले. हात विसरले होते, पहिला तव्याला चिकटला. दुसरा बरा निघाला. वास आला आणि तुझे काका हातात ताट घेऊन आले, घडीची खुर्ची उघडून बसले.

मी आत गेले, वरण-भात आणला आणि त्यांच्या ताटात वाढला.

"आणि मासा?"

"आपल्या घरात चालत नाही."

ते हसले. "घर मुलाचं आहे आता."

"तुम्हाला वासानं उलटी होते."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग माझं तोंड पाहून हसू गेलं. मुलगा आला, म्हणाला, "आई, असं काय करतेस? दे ना त्यांना." मी म्हटलं, देईन. माझी आई आली होती हे आठवलं की देईन.

तेव्हापासून हे असं चाललंय. बाकी सगळं करते मी त्यांचं. गोळ्या वेळेवर देते, मोजे शोधून देते, भाकरी गरम वाढते. मासा वाढत नाही. ते मुलाबरोबर जाऊन जपानी हॉटेलात खाऊन येतात आणि आल्यावर सांगतात कुठल्या प्रांताचं होतं. एकदा म्हणाले, "झालं असेल काहीतरी, सॉरी." दुकानात गाडीला गाडी लागल्यावर म्हणतात तसं. मला सॉरी नकोय. "हो, तुझी आई आली होती, मी तिला आत घेतलं नाही," एवढंच त्यांच्या तोंडून हवंय. सूनबाई म्हणते, आई, त्यांना खरंच आठवत नसेल. असेलही. पण ओसाकाचा म्हातारा आठवतो.

तुझे बाबा असते तर समोर बसून बोलले असते. ते गेले, सासूबाई गेल्या. ते दार आठवणारी आता मी एकटी उरले, आणि एकट्या बाईचं आठवणं म्हणजे घरच्यांना कुरकुरच वाटते. मलाही एखाद्या दिवशी वाटायला लागतं, खरंच आली होती ना आई? म्हणून तुला सांगून ठेवलं. आता तुलाही माहीत आहे.

नेवार्कहून इथलं विमान थेट आहे, तूच म्हणाली होतीस. बर्फ पडायच्या आधी ये, मग गॅरेजमध्ये बसवत नाही. मी बांगडे तळते, तू जेवायला बस, आणि तुझ्या काकांसमोर, अगदी साध्या आवाजात, मला तुझ्या आजीबद्दल विचार. ते तुझ्या ऑफिसचं कॉन्फरन्स, डेडलाइन राहू दे बाजूला. लवकर ये गं.